दोन्ही बाजू बरोबर, तरी संवाद का होत नाही?

प्रश्न : संवेदकांची मोजमापे पाठवण्यासाठी आमच्या महाविद्यालयातील दोन गटांनी एकाच लेखी मसुद्यावरून छोट्या प्रोटोकॉलची (संगणकांमधील संवादाच्या नियमांची) अंमलबजावणी केली, म्हणजे त्याबरहुकूम प्रोग्रॅम लिहिले. प्रत्येक गटाच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. परंतु आमचा क्लायंट (मोजमापे पाठवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या गटाच्या सर्व्हरला (ती स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडला की पहिला संदेश मिळाल्यावर सर्व्हर गप्प बसतो. ‘पहिल्या चार बाइटांत संदेशाची लांबी द्यावी’ असे मसुद्यात स्पष्ट लिहिले आहे. मग चूक कोणाची? मोठ्या मानकांच्या बाबतीत ही तपासणी कशी होते?
– एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : तुम्ही ज्याला स्पष्ट म्हणता, त्याच वाक्यात बहुधा गोम आहे. लांबी मोजताना ते चार बाइट स्वतः धरायचे की वगळायचे, हे त्यात सांगितलेले नाही. तुम्ही ते धरले असतील आणि समोरच्यांनी वगळले असतील, तर सर्व्हर कधीच न येणाऱ्या चार बाइटांची वाट पाहत राहील. बाइटांचा क्रमही लिहिलेला नसेल तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण २० ही लांबी उलट्या क्रमाने वाचल्यास ३३,५५,४४,३२० होते. तेव्हा चूक कोणत्याही गटाच्या माथी न मारता मसुद्याच्या माथी मारावी. तुमच्या चाचण्यांना ती सापडली नाही, कारण प्रत्येक गटाचा क्लायंट आपल्याच सर्व्हरशी, म्हणजे आपल्याच गैरसमजाशी बोलत होता.

टीसीपी या इंटरनेटच्या मूलभूत प्रोटोकॉलच्या सुरुवातीच्या काळातील चाचणी-मेळाव्यांची पद्धत इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एक असलेल्या जॉन पोस्टेल यांनी १९८७ साली आरएफसी १०२५ या टिपणात नोंदवली आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांची व मानकांची क्रमांकित मालिका). तिथे चक्क गुण दिले जात : स्वतःशीच जोडणी करता आली तर १, दुसऱ्या कोणाशी करता आली तर २, आणि शक्य तितकी सगळी वैशिष्ट्ये एकाच वेळी कोंबलेले ‘कामिकाझे’ पॅकेट (एकदम पाठवलेला माहितीचा तुकडा) नीट हाताळले तर १०. तुमचे दोन्ही गट सध्या त्या पहिल्या गुणापाशी आहेत.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या १९९६ सालच्या नियमांनुसार, मानकाला प्रस्तावित अवस्थेतून वर चढण्यासाठी किमान दोन स्वतंत्र आणि एकमेकींशी बोलू शकणाऱ्या अंमलबजावण्या आवश्यक होत्या. २०११ साली पायऱ्या कमी झाल्या, तरी ही अट टिकली. यातील ‘स्वतंत्र’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. दोघांनी एकच तयार लायब्ररी (आयता लिहिलेला कोड) वापरली असेल, तर त्यांच्या जुळण्याने काहीच सिद्ध होत नाही.

मात्र प्रस्तावित मानकासाठी अंमलबजावणीची सरसकट सक्ती नाही, आणि मजकूर प्रसिद्ध झाल्यावर सापडलेली संदिग्धता दुरुस्त करणे महागात पडते. म्हणून क्विक या इंटरनेट प्रोटोकॉलच्या आयईटीएफमधील कार्यगटाने मसुदा चालू असतानाच चाचण्या घेतल्या. मसुद्याच्या प्रत्येक आवृत्तीला वेगळा आवृत्ती-क्रमांक असल्यामुळे जुनी आणि नवी अंमलबजावणी चुकून एकमेकींशी बोलत नसे. आडव्या ओळींत क्लायंट व उभ्या रकान्यांत सर्व्हर असा तक्ता असे; हस्तांदोलन (जोडणी जुळवणारे पहिले संदेश), माहितीची देवाणघेवाण, जोडणी बंद करणे यांपैकी जे जमले त्याचे अक्षर चौकटीत भरले जाई. एखादी चौकट रिकामी राहिली की दोन्ही बाजूंचे लोक मजकूर उघडून बसत, आणि पुष्कळदा कोडऐवजी वाक्यच बदलावे लागे. मे २०२१ मध्ये क्विकचे मानक आरएफसी ९००० म्हणून प्रसिद्ध होईपर्यंत मसुद्याचा क्रमांक ०० पासून ३४ पर्यंत पोहोचला होता.

दोन टोके जुळली तरी वाटेतली उपकरणे राहतातच. इंटरनेटवरील संवाद गुप्त राखणाऱ्या टीएलएस या प्रोटोकॉलच्या १.३ या आवृत्तीच्या वेळी असे आढळले की अनोळखी आवृत्ती-क्रमांक दिसताच काही मध्यस्थ उपकरणे जोडणी तोडतात. त्यामुळे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात संदेशातील आवृत्तीच्या जुन्या रकान्यात १.२ चाच क्रमांक ठेवून खरी आवृत्ती वेगळ्या विस्तारात (संदेशाला जोडलेल्या जादा भागात) सांगावी लागली. दिसायला ही तडजोड ओंगळ आहे, पण प्रयोगशाळेच्या टेबलावर ती कोणालाच सुचली नसती.

तुम्ही आता एवढे करावे : ते वाक्य दुरुस्त करून मसुदा तिसऱ्या गटाच्या हाती द्यावा आणि त्यांच्या एकाही शंकेला तोंडी उत्तर देऊ नये. त्यांना जे विचारावेसे वाटेल, ते सर्व मसुद्यात लिहायचे राहून गेले आहे असे समजावे.

प्रश्न : समोरून थोडा चुकीचा संदेश आला, तर तो सांभाळून घेणे चांगले नव्हे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, हा सल्लाही पोस्टेल यांचाच, १९८० सालचा. चालू सेवेत त्याचा उपयोग झाला आहे. परंतु मानक घडत असताना तो घातक ठरतो, कारण सांभाळून घेतलेली चूक कोणाच्या लक्षातच येत नाही आणि पुढे सर्वांना तीच सांभाळावी लागते. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये याची सविस्तर चर्चा आहे. चाचणीत तरी चुकीचा संदेश नाकारावा, जोडणी तोडावी आणि नेमका कोणता बाइट खटकला, ते नोंदवहीत लिहावे.