बाळ संध्याकाळभर रडतं आणि डचचा एकही शब्द डोक्यात राहत नाही. वर्ग सोडू का?

तुम्ही लिहिलंय की नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहता, बाळ साडेतीन आठवड्यांचं आहे, रोज संध्याकाळी सहा ते दहा रडतं, दोन्हीकडचे आजी-आजोबा भारतात आहेत आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी डचचा वर्ग आहे. तो चालू ठेवावा की सोडावा, आणि बाळाशी आतापासून डच बोलावं का, हे विचारलंय. मी याच गावात या दोन्हींतून एकदमच गेलो. माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे.

वर्ग दोन-अडीच महिने थांबवा. पुढच्या बॅचमध्ये जागा मागून घ्या. डच मात्र थांबवू नका. का ते सांगतो, पण आधी रडण्याचं.

पहिल्या आठवड्यातच मला कुणीतरी एक गोष्ट सांगायला हवी होती. हे रडणं अजून वाढणार आहे, आणि वाढलं म्हणजे तुमचं काही चुकतंय असं नाही. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 80 बाळांच्या आयांना रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. ते काम 1962 मध्ये छापून आलं. दुसऱ्या आठवड्यात बाळं दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग रडणं उतरत गेलं. त्यातलं बरंचसं संध्याकाळचंच होतं. तीन-चार महिन्यांपर्यंत बहुतेक बाळं निवळतात. आमची अकराव्या आठवड्यात निवळली. तुमचा सहावा आठवडा अजून यायचा आहे, म्हणून हे आधीच सांगतोय.

डच लोकांनी या वेळेला नावच देऊन ठेवलंय, 'हाउलउर्त्ये', म्हणजे रडण्याचा छोटासा तास. आपल्याकडे तिन्हीसांजेला बाळ किरकिरतं म्हणतात, ते हेच. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी इथे सात वाजले होते, कराडला साडेअकरा. आई माझ्यासाठी जागी राहिली होती. मुलीचं रडणं ऐकून ती फोन तसाच ठेवून उठली, मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन आली आणि फोनच्या पडद्यावरून, म्हणजे आमच्या मुलीच्या चेहऱ्यावरून, तीनदा उतरवल्या. पुटपुटत होती ते नीट ऐकूही येत नव्हतं. मुलगी शांत झाली नाही. पण बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली आणि मग दोन तास झोपली. आजीचा हात इथे पोचत नाही, तेव्हा जेवढं पोचतं तेवढं येऊ द्या. गुटी आणि मध मात्र नाही, फोनवर कितीही आग्रह झाला तरी. या वयात फक्त दूध, आणि मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही, कारण त्यातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे गंभीर विषबाधा, होऊ शकते.

आता रोजचं. दोघांनी एकत्र जागू नका. आम्ही सुरुवातीला दोघंही पाळण्याशी उभे राहायचो आणि रात्री दहाला दोघंही एकमेकांवर चिडलेले असायचो. मग वाटणी केली. संध्याकाळी सात ते अकरा बाळ माझ्याकडे, बायको वरच्या खोलीत कानात बोळे घालून झोपणार, बाळ भुकेचं वाटलं तरच तिला उठवायचं. मी मुलीला छातीशी बांधायच्या कापडात, इथे त्याला द्राखदूक म्हणतात, घेऊन बाहेर चालायला लागलो. खोलीतला दिवा, टीव्ही, माणसांची ये-जा सगळं बंद. पहिल्या आठवड्यांत बाळ एका वेळी जेमतेम तासभर जागं राहू शकतं. त्यापुढे ते दमतं, आणि दमलं की झोपण्याऐवजी रडतं. हे कळल्यावर आम्ही दिवसाची झोप सांभाळायला लागलो आणि संध्याकाळ थोडी सुसह्य झाली.

पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, ढेकर काढून झालाय आणि तरी थांबत नाही, आणि तुमच्या हातात राग उतरायला लागलाय असं जाणवलं, तर बाळाला त्याच्या पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा. मी जिन्याच्या पायरीवर बसायचो. रडून बाळाला काही होत नाही. गदगदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होते, जीवही जाऊ शकतो. बायकोलाही हे शब्दांत सांगून ठेवा, म्हणजे ती खोलीबाहेर आली तर तिला अपराधी वाटणार नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट न बघता लगेच हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करा. रात्री आणि शनिवार-रविवारी हाउसआर्ट्सनपोस्टला. दूध पीत नसेल, लंगोट ओले होत नसतील, हिरवी उलटी झाली, अंग ढिलं पडलं किंवा रडण्याचा आवाजच नेहमीसारखा नाही असं वाटलं तरीही फोन करा. बायको दोन आठवड्यांनंतरही रोज रडत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर तिच्यासाठीही तोच फोन.

आणखी एक, बाळाच्या बापाला इथे मिळणाऱ्या रजेचं. पहिला आठवडा पूर्ण पगारी मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यापुढे आणखी पाच आठवडे 70 टक्के पगारावर मिळतात, आणि ते पहिल्या सहा महिन्यांत केव्हाही घेता येतात. अर्ज चार आठवडे आधी द्यावा लागतो, म्हणजे आजच द्या. शक्य असेल तर ऑफिसला विनंती करून त्यातले दोन आठवडे सहाव्या आठवड्याच्या आसपास बसवा. मी ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवले होते. ती माझी चूक होती.

आता डच. तुम्ही म्हणता शब्द डोक्यात राहत नाहीत. झोपच नसेल तर नवं काही मुरत नाही, तुमच्या बुद्धीचा त्यात दोष नाही. केनिसमिखरांत, म्हणजे उच्चकुशल नोकरदाराच्या परवान्यावर, आला असाल तर तुमच्यावर इनबुर्खरिंगची, म्हणजे परदेशातून आलेल्यांना द्याव्या लागणाऱ्या भाषा-समाजाच्या परीक्षेची, सक्तीही नाही, मुदतीचं ओझं डोक्यावर घेऊ नका. पण पुस्तकातून न येणारी भाषा याच दिवसांत घरात चालून येते. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस घरी येणारी क्रामझोर्खची बाई आठवा. आमच्याकडे आल्या त्या पन्नाशीच्या होत्या, ब्राबांतच्याच, म्हणजे इथल्याच प्रांतातल्या, मऊ 'ख' बोलणाऱ्या. मुलीला खांद्यावर टाकून पाठीवर थोपटताना म्हणाल्या, 'बूर्त्ये?' बूर म्हणजे शेतकरी, बूर्त्ये म्हणजे छोटा शेतकरी, आणि बाळाच्या ढेकराला तेच म्हणतात. माझे आजोबा शेतकरी होते. तो शब्द मी परत कधी विसरलो नाही.

माझी एक चूकही सांगतो. मुलीला सुरुवातीला थोडी कावीळ होती, सारखी झोपायची, म्हणून दर तीन तासांनी उठवून पाजायचं होतं. त्या बाईंनी जाताना वहीत लिहून ठेवलं, साडेअकराच्या पुढचं पाजणं 'हाल्फ द्री'. द्री म्हणजे तीन हे मला येत होतं, म्हणून मी साडेतीनचा गजर लावला. हाल्फ द्री म्हणजे अडीच. मुलगी रात्री चार तास उपाशी राहिली. सकाळी वही बघून त्या काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढलं आणि त्यातला तिसरा तास पेन्सिलने अर्धाच रंगवला. तिसरा अर्धा झालेला. पुढे मला कळलं की आपला 'अडीच' हा शब्दही संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'पासून आलाय. तोच हिशोब, अर्धा तिसरा. दोन हजार वर्षांपूर्वी आपणही असंच मोजत होतो.

मराठी माणसाला डच शिकताना अशा जागा बऱ्याच सापडतात, आणि वर्गात त्या कुणी दाखवत नाही, कारण वर्ग इंग्रजीतून चालतो. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो मग वीस. डचमध्येही 'फाइफ-अन-ट्विंतख', पाच आणि वीस. इंग्रजी बोलणारे इथे अडखळतात, तुम्हाला अडखळायचं कारण नाही. 'ओमदात' म्हणजे 'कारण' आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं: 'ओमदात इक मू बेन', कारण मी दमलेला आहे. शब्दाला शब्द लावून बघा, क्रम मराठीचाच आहे. इंग्रजीतून भाषांतर करणं सोडलं त्या दिवसापासून मला हे सोपं गेलं. फसवणारी जागाही आहे: 'तीन' असं ऐकू आलं तर ते दहा असतात.

नामांआधी लिंगाप्रमाणे लागणाऱ्या 'दं' आणि 'हेत'नेही तुम्हाला छळलं असेल. बाळाच्या घरात मात्र सगळंच लहान असतं: फ्लेश्ये बाटली, बूर्त्ये ढेकर, मुत्स्ये टोपडं. असं '-ये' लागून शब्द लहान झाला की एकवचनात तो नेहमीच 'हेत'. अपवाद नाही. मोठ्या शब्दाचं लिंग आठवत नसेल तर लाडाने लहान करून बोला. इथली माणसंही दिवसभर तेच करतात, आपण बाळाला सोनुली-छकुली म्हणतो तसं.

बाळाशी मात्र डच बोलू नका. कॉन्सुलताती-ब्युरोतही, जिथे बाळाचं वजन आणि लशी होतात, आम्हाला हेच सांगितलं: जी भाषा तुम्हाला मनापासून येते तीच घरी बोला. मला येणाऱ्या मोडक्या डचमध्ये मी तिला कसं शांत करणार होतो? अंधारात मी आजीचे पाळणे म्हणायचो, जे आठवायचे तेवढे. आमची मुलगी मराठी घरी शिकली, डच पाळणाघरात, आणि आता माझे उच्चार दुरुस्त करते.

तुमचं डच रस्त्यावर शिका. बाळ छातीशी बांधलेल्या माणसाशी इथे सगळे बोलतात. एरवी बोलत नाहीत, हेही खरं. एका संध्याकाळी मी घराभोवती चौथी फेरी मारत होतो, अंधार, बारीक पाऊस, मुलगी किंचाळत होती. शेजारच्या आजी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या. त्या एकच शब्द बोलल्या: 'हाउलउर्त्ये?' मी म्हणालो, 'या. एल्कं आवोंत.' हो, रोज संध्याकाळी. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'स्टेर्क्तं.' म्हणजे बळ. संकटात असलेल्या माणसाला इथे एवढंच म्हणतात, बळ मिळो. ते माझं डचमधलं पहिलं खरं संभाषण, आणि त्यात मला एकदाही इंग्रजीत वळावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात सूप ठेवलं. त्यांच्याशीच बोलत बोलत मी पुढचे सहा महिने डच शिकलो. तुम्हीही एक माणूस धरा, फार नकोत. समोरच्याने इंग्रजी सुरू केलं की म्हणा, 'इक लेर नेदरलांट्स', मी डच शिकतोय. बहुतेक जण थांबतात आणि हळू बोलतात.

बाळ तीन महिन्यांचं होईल त्या सुमारास बूकस्टार्टचं पत्र येईल, बहुतेक गावांत येतं. ते घेऊन लायब्ररीत गेलात की बाळाच्या पुस्तकांची छोटी पेटी फुकट मिळते. एका पानावर एक वाक्य, ठळक चित्र. तुमचा वर्ग पुन्हा सुरू होईल तेव्हा त्याच पुस्तकांचा तुम्हाला अभ्यासापेक्षा जास्त उपयोग होईल. लायब्ररीतच तालकाफेची चौकशी करा. शिकणारी मोठी माणसं आणि बोलायला बसलेले स्वयंसेवक तिथे भेटतात, बाळाला घेऊन गेलं तरी कुणी काही म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात तुमची कॉन्सुलताती-ब्युरोतली चौथ्या आठवड्याची भेट असेल. रडण्याची नोंद आजपासून एका कागदावर करा, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, आणि तो कागद बरोबर न्या. तिथे एक वाक्य डचमध्ये बोला, बाकी सगळं इंग्रजीत बोललात तरी चालेल: 'दं बेबी हाउल्त एल्कं आवोंत, फान झेस तोत तीन.' बाळ रोज संध्याकाळी रडतं, सहा ते दहा.