गोळीसाठी एक जाकीट, कोयत्यासाठी दुसरे

गेल्या दोन महिन्यांत नाशिक शहर आणि परिसरातून संरक्षक जाकिटांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी साहित्य निवडण्याचे आणि खरेदी करण्याचे काम मी बरीच वर्षे केले असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपविली. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सुरक्षिततेसाठी वगळली आहेत.

प्रश्न : सराफ बाजारात आमचे लहानसे दुकान आहे. रात्री दुकान वाढवून मी दागिन्यांची पिशवी घेऊन स्कूटरवरून पंचवटीतील घरी जातो. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यावर वाटेत दोघांनी कोयत्याने वार केल्यापासून घरची मंडळी बुलेटप्रूफ जाकीट घेण्याचा आग्रह धरीत आहेत. ऑनलाइन साडेचार हजार रुपयांत ‘थ्री ए प्लस’ दर्जाचे जाकीट मिळते आहे. ते घ्यावे का?

उत्तर : ते जाकीट घेऊ नये. कारणे जरा विस्ताराने सांगतो, कारण नेमकी हीच चूक करून पैसे घालविलेली बरीच माणसे मी पाहिली आहेत.

चिलखत निवडताना पहिला प्रश्न हत्याराचा असतो. किमतीचा विचार त्यानंतर येतो. पिस्तुलाची गोळी थोपविणारे मऊ जाकीट अरामिड किंवा पॉलिथिलीन यांच्या धाग्यांचे अनेक थर एकावर एक रचून केलेले असते. केव्हलार हा अरामिडचाच एक प्रकार असून स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९६५ साली त्याचा शोध लावला. गोळीचे बोथट टोक या थरांवर आदळले की ते चपटे होते आणि असंख्य धागे एकाच वेळी ताणले जाऊन तिची ऊर्जा आजूबाजूला पसरवितात. सुरीचे टोक मात्र धागे बाजूला सारून आत शिरते आणि मागून येणारी धार ते धागे कापीत जाते. त्यामुळे गावठी कट्ट्याच्या गोळीपुढे टिकणारे महागडे जाकीटही स्वयंपाकघरातील सुरीपुढे हार खाऊ शकते. भोसकण्यापासून वाचविणारे जाकीट निराळ्या पद्धतीने, म्हणजे अत्यंत घट्ट विणीचे, राळेचा लेप दिलेले अथवा आत बारीक कड्यांची जाळी किंवा पातळ पट्ट्या घातलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेने २००० साली त्यासाठी स्वतंत्र मानक काढले. त्यात तीन पातळ्या आहेत. ठरावीक घडणीचे पाते अनुक्रमे २४, ३३ आणि ४३ ज्यूल ऊर्जेने जाकिटावर पाडतात आणि ते ७ मिलिमीटरपेक्षा अधिक आत आले तर जाकीट नापास होते.

आपल्या बाबतीत एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण कोयता सहसा भोसकला जात नाही, तो फिरवून मारला जातो. असे वार डोके, मान, खांदा आणि बचावासाठी आपोआप वर उचललेला हात यांवर पडतात, आणि कोणतेही साधे जाकीट यांपैकी फारसे काही झाकत नाही. म्हणून आपला पहिला खर्च पूर्ण चेहरा झाकणाऱ्या, आयएसआय चिन्ह असलेल्या हेल्मेटवर व्हावा. स्कूटर चालविताना ते कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही. दुसरा खर्च मनगटापासून दंडापर्यंत येणाऱ्या, धारेने सहज न कापल्या जाणाऱ्या बाह्यांवर करावा. काचेच्या आणि पत्र्याच्या कामातील कामगार त्या वापरतात, त्यामुळे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांना सुरक्षा साहित्य पुरविणाऱ्या दुकानांत चौकशी करावी. त्यांवर ‘ईएन ३८८’ या युरोपीय मानकाची खूण आणि काप-प्रतिकाराचे अक्षर छापलेले असते; ए ते एफ या श्रेणीतील ई किंवा एफ घ्यावे. अशा बाहीमुळे जोरदार वाराने हाड मोडणे टळेलच असे नाही, परंतु शिरा आणि स्नायू कापले जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. त्याच कापडाची गळपट्टी मिळाली तर ती अवश्य घ्यावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली असली, तरी संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडे दुचाकीस्वारांचे गळे कापले जाण्याच्या बातम्या दर वर्षी वाचाव्या लागतात, आणि ही गळपट्टी तेव्हाही उपयोगी पडेल. हे सर्व झाल्यावर पैसे उरले, तर पाठ आणि पोट यांसाठी भोसकण्याविरुद्धचे पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीचे, शर्टाखाली घालता येईल असे जाकीट पाहावे.

आता त्या जाहिरातीविषयी. गोळीविरुद्धच्या जाकिटांसाठी त्याच अमेरिकन संस्थेचे वेगळे मानक आहे. त्याच्या २००८ सालच्या आवृत्तीत टू ए, टू, थ्री ए, थ्री आणि फोर अशा पाच पातळ्या होत्या. त्यांपैकी पहिल्या तीन पिस्तुलांसाठी आणि शेवटच्या दोन रायफलींसाठी होत्या. २०२३ च्या आवृत्तीत त्यांच्या जागी पिस्तुलांसाठी एचजी-१, एचजी-२ आणि रायफलींसाठी आरएफ-१, आरएफ-२, आरएफ-३ अशी नावे आली. ‘प्लस’ नावाची पातळी यांपैकी कोठेही नाही. ते चिन्ह विक्रेत्याने स्वतः जोडलेले असते. ‘मानकानुसार चाचणी केलेले’ आणि ‘मानकानुसार प्रमाणित’ या दोन शब्दप्रयोगांतही मोठे अंतर आहे, कारण चाचणी केली एवढे म्हटल्याने जाकीट तीत उत्तीर्ण झाले असे ठरत नाही. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोचे २०१८ चे ‘आयएस १७०५१’ हे मानक असून त्यात धोक्याच्या सहा पातळ्या केल्या आहेत. विक्रेत्याकडे या मानकाचा उल्लेख असलेला, चंदीगडच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरीसारख्या प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मागावा, आणि अहवालातील नमुना व विकला जाणारा नमुना एकच आहे का ते पाहावे.

किमतीचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. संरक्षण मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये लष्करासाठी १,८६,१३८ बुलेटप्रूफ जाकिटांचा ६३९ कोटी रुपयांचा करार केला. भागाकार केल्यास एका जाकिटाला सुमारे ३४ हजार रुपये पडतात, आणि तेही जवळजवळ दोन लाख नग एकदम घेतल्यावर. ती जाकिटे रायफलीच्या गोळीसाठी होती, म्हणून पिस्तुलापुरते मऊ जाकीट त्याहून स्वस्त असणे स्वाभाविक आहे. तरीही सुटे एक जाकीट साडेचार हजारांत खरे असण्याचा संभव मला दिसत नाही. काही घ्यायचेच ठरले, तर आधी पोलीस आयुक्तालयात लेखी विचारणा करावी आणि जीएसटीच्या पक्क्या पावतीवरच खरेदी करावी.

आपण विचारले नसले तरी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रोजची पिशवी बंद करता आली तर यांपैकी बराचसा खर्च वाचेल. दुकानातील तिजोरी मजबूत करून घ्यावी, आणि ‘ज्वेलर्स ब्लॉक’ या सराफांच्या मालासाठीच्या विम्यात ने-आण करतानाचा माल समाविष्ट आहे का, हे विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे. कधी प्रसंग आलाच, तर मागणाऱ्याला पिशवी देऊन टाकावी.

प्रश्न : अंबडला आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा छातीच्या मापाने कापून कापडी पिशवीत शिवला, तर अत्यंत कमी खर्चात जाकीट तयार होईल असे वाटते. यात काही धोका आहे का?

उत्तर : धोका आहे, आणि तो पत्रा भेदला न गेला तरीही आहे. गोळी कठीण पोलादावर आदळली की तिचे तुकडे पत्र्याच्या पृष्ठभागालगत चारही दिशांना प्रचंड वेगाने उडतात. ते तुकडे घालणाऱ्याच्या हनुवटीत, गळ्यात, दंडात आणि मांडीत घुसतात, शिवाय शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही लागतात. पोलादी चिलखत करणारे कारखाने त्यावर तुकडे धरून ठेवणारा जाड लेप देतात, आणि तो लेपही काही गोळ्यांनंतर निकामी होतो.

दुसरे म्हणजे आपल्या वर्कशॉपमधील एमएस, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा पत्रा आणि चिलखताचे पोलाद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चिलखतासाठी पाणी दिलेले, सुमारे ५०० ब्रिनेल (कठीणपणा मोजण्याचे माप) काठिण्याचे पोलाद वापरतात. साधा पत्रा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही कठीण नसतो. असे कठीण पोलाद मिळवून आपण ते गॅस कटरने कापले, तर कापलेल्या कडांजवळचे पाणी उतरते आणि तेवढा भाग पुन्हा मऊ पडतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. वजनाचाही विचार करावा. दहा बाय बारा इंचांचा, सहा मिलिमीटर जाडीचा एक पत्रा साधारण ३.६ किलो भरतो; पुढचा आणि मागचा मिळून सव्वासात किलो होतात, आणि इतके करूनही कुशी, खांदे आणि ओटीपोट उघडेच राहते. आपले कसब दुकानांच्या आणि घरांच्या दारांसाठी वापरले, तर त्याच पत्र्याचा खरा उपयोग होईल, आणि पुढील पत्राला उत्तर देताना मला तेच सांगायचे आहे.

प्रश्न : मखमलाबाद शिवारात आमच्या द्राक्षबागेत आमचे घर आहे. माझे यजमान आठवड्यातून चार दिवस मुंबईला असतात. घरी मी, सासूबाई, सासरे आणि दोन मुले असतो. आसपास दरोड्याचे प्रकार घडले आहेत. घरातील मोठ्या माणसांसाठी तीन साधी जाकिटे घेऊन ठेवावीत, असे मनात आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. तरीही तीन जाकिटांचे पैसे प्रथम घरासाठी खर्च करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. मध्यरात्री झोपेतून उठून, दिवा न लावता, कपाटातून जाकीट काढून ते नीट बांधणे सवयीच्या माणसालाही चटकन जमत नाही. सासऱ्यांना ते जमेल असे धरून चालू नये. शिवाय मुलांच्या मापाची जाकिटे आपल्या यादीत नाहीतच. मजबूत दार मात्र घरातील सर्वांना एकाच वेळी वेळ मिळवून देते.

मळ्यातील घरांचे पुढचे दार बहुधा चांगले असते आणि मागचे पडवीचे किंवा न्हाणीघराकडचे दार पत्र्याचे, सैल कोयंड्याचे असते. प्रथम ते बदलावे. दाराची फळी जाड असूनही चौकट उखडते, कारण बिजागऱ्या आणि कडी अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर बसविलेल्या असतात. तेथे तीन इंची स्क्रू घालून ते चौकटीतून भिंतीपर्यंत नेले, तर अत्यल्प खर्चात दाराचे बळ कितीतरी वाढते. त्यानंतर घरातील एक खोली निश्चित करावी, जिला बाहेरच्या बाजूस खिडकी नाही किंवा जाड गजांची आहे, आणि जिच्या भिंती नऊ इंची विटांच्या आहेत. अशी भिंत पिस्तुलाची गोळी सहसा अडविते, तर कपाट, पलंग आणि पोकळ दार यांच्या आड लपून काहीही साधत नाही. दारासमोरच्या रेषेत न बसता भिंतीच्या आड बसावे. त्या खोलीला आतून दोन भक्कम कड्या असाव्यात, एक चार्ज केलेला फोन कायम तेथेच असावा आणि ११२ क्रमांक लावून घराची खूण कशी सांगायची हे मुलांनाही पाठ असावे. मळ्याला घर क्रमांक नसतो, म्हणून जवळचा रस्ता, विहीर, ट्रान्सफॉर्मर अशा खुणा कागदावर लिहून तो फोनशेजारी चिकटवावा. शेजारच्या दोन मळ्यांतील माणसांशी आधीच बोलून ठेवावे.

हे सर्व झाल्यावर एक जाकीट घ्यावेसे वाटले, तर ते आपल्या मापाचे घ्यावे, कारण सर्वांना खोलीत घेऊन शेवटी कडी लावणार आपणच आहात. ते घालून अंगणात जाऊन कोणाला सामोरे जाण्याचा विचार मात्र कृपया करू नये. पुरुषांच्या मापाचे सपाट जाकीट स्त्रीच्या अंगावर छातीपाशी उचलले जाते आणि काखेखाली फट राहते. म्हणून स्त्रियांसाठी वेगळ्या घडणीचे जाकीट मागावे. ते घालून खुर्चीत बसून पाहावे. बसल्यावर वरची कड गळ्याला टोचत असेल तर जाकीट लांब आहे, आणि दोन्ही कुशींना पुढचा व मागचा भाग एकमेकांवर चढत नसेल तर ते अपुरे आहे.

प्रश्न : एका परिचितांनी त्यांचे जुने बुलेटप्रूफ जाकीट मला फुकट देऊ केले आहे. त्यावरील पट्टीवर २०११ साल आहे. त्यांनी ते स्वच्छ धुऊन, इस्त्री करून ठेवले आहे. नाशिकरोडला रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम करताना मी ते वापरू शकतो का?

उत्तर : वापरू नये. मऊ जाकिटांना उत्पादक सर्वसाधारणपणे पाच वर्षांची हमी देतात, आणि हे जाकीट त्या मुदतीच्या फार पुढे गेले आहे. पाण्याने अरामिडच्या धाग्यांमधील घर्षण कमी होते आणि ओले जाकीट गोळीला पुरेसा विरोध करीत नाही. म्हणूनच आतील पॅनेल, म्हणजे गोळी अडविणाऱ्या थरांचा गठ्ठा, बंद आवरणात ठेवलेले असते, आणि धुलाईत ते आवरण फाटले तर दमट पावसाळ्यात आत ओल साठत राहते. ऊन आणि उष्णता यांचाही परिणाम होतो. विशेषतः पॉलिथिलीनची जाकिटे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवणे अगदी चुकीचे आहे. वरून न दिसणारा बिघाड किती घातक ठरतो याचे उदाहरण म्हणजे झायलॉन या धाग्याची जाकिटे. २००३ साली पेनसिल्व्हेनियात एक पोलीस अधिकारी तसे जाकीट अंगात असूनही जखमी झाला, आणि चौकशीनंतर २००५ मध्ये त्या धाग्याच्या जाकिटांची मान्यता काढून घेण्यात आली.

पुढे आपल्या संस्थेने नवे जाकीट दिले, तर त्याचे बाहेरचे कापडी आवरण तेवढे धुवावे. पॅनेल ओल्या फडक्याने पुसून सावलीत आडवे वाळवावे, आणि खुंटीला न टांगता सपाट ठेवावे. जाकिटाने गोळी अडविली तरी आतल्या बाजूस धक्का बसतो. चाचणीत शरीराऐवजी जाकिटामागे ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो, यावरून बरगडी मोडणे किंवा आतील इंद्रियांना इजा होणे किती सहज शक्य आहे हे लक्षात येईल. तसा प्रसंग आल्यास रक्त दिसत नसले तरी त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात दाखल व्हावे आणि ते जाकीट पुन्हा अंगात घालू नये.

परिचितांचे जुने जाकीट भंगारात देऊ नये, कारण तेथून ते दुसऱ्या एखाद्या पहारेकऱ्याच्या अंगावर जाईल. पॅनेलच्या दोन्ही बाजूंस लाल रंगाने ‘निकामी’ असे ठळक लिहावे आणि ते नष्ट करण्यासाठी मूळ उत्पादकाकडे परत पाठविण्यास त्यांना सांगावे.