अंटार्क्टिकाची क्रूझ मनाच्या विश्रांतीसाठी उपयोगी ठरते का?

होय, ठरते, मात्र ती विश्रांती जहाजावरच्या स्पामुळे मिळते, ही जाहिरातदारांची समजूत मला पटत नाही. अर्जेंटिनातील उशुआयाहून निघालेल्या जहाजाला ड्रेक सामुद्रधुनी ओलांडण्यास साधारण दोन दिवस लागतात, आणि पुढे सहल-संचालकांच्या ‘आयाटो’ या संघटनेच्या नियमानुसार एका ठिकाणी एका वेळी १०० हून अधिक प्रवासी उतरवले जात नसल्यामुळे गर्दी आणि घाई दोन्ही आपोआप टळतात. रबरी होडीतून उतरल्यावर पेंग्विनपासून किमान ५ मीटर अंतर राखून, आवाज न करता पाहत राहायचे, एवढेच काम उरते. तथापि ड्रेकचा समुद्र खवळल्यास अनेकांना मळमळ अंथरुणावरून उठू देत नाही, शिवाय सुसज्ज रुग्णालय फार दूर असते. म्हणून हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नोंदणी करू नये.