'शब्द दिला होता हो त्यांनी!'

समोर बसलेल्या बाईंनी एवढंच वाक्य तीनदा म्हटलं. नऊ वर्षांची नोकरी सोडली होती. नव्या कंपनीच्या मॅनेजरने पद, पगार, रुजू होण्याची तारीख सगळं तोंडी पक्कं केलं, 'लेटर नंतर देतो' म्हणाला आणि आदल्या आठवड्यात 'ती जागाच रद्द झाली' असं कळवलं.

'कागदच नाही, मग कोण ऐकणार?' माझ्याकडे कायद्याचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बहुतेकांना हीच भीती असते. म्हणून आधी विचारलं, "जुना राजीनामा मंजूर झालाय?" मंजुरीआधी तो बहुधा मागे घेता येतो. त्यांचा झाला होता.

मग फोन मागितला. रागाच्या भरात त्या चॅट डिलीट करायला निघाल्या होत्या, नशीब केलं नव्हतं! त्यात राजीनाम्याचा फोटो होता आणि खाली मॅनेजरचं उत्तर: 'छान, एक तारखेला या.' हे एक वाक्य मला शंभर आश्वासनांपेक्षा मोलाचं वाटलं. नुसतं 'बघू, तुमचं काम करून टाकू' असतं, तर मीही त्यांना कोर्टाची आशा दाखवली नसती.

भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती सिद्ध करण्याची. मेसेज, ईमेल, कॉलची नोंद, मुलाखतीला सोबत असलेली व्यक्ती, सगळं उपयोगी पडतं. मात्र मूळ फोन जपायचा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत, तो कोणत्या फोनमधून कसा घेतला याचं प्रमाणपत्र कोर्टात जोडावं लागतं.

एक गोष्ट ऐकून त्या हिरमुसल्या. खासगी कंपनीने नोकरी द्यावीच, असा हुकूम कोर्ट सहसा देत नाही. मागता येते ती नुकसानभरपाई, करार कायद्याच्या कलम 73 खाली, साधारणपणे करार मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि आपणही दुसरं काम शोधत राहायचं, कारण टाळता आलं असतं ते नुकसान भरून मिळत नाही. केलेल्या अर्जांच्या प्रतीही म्हणूनच ठेवायला सांगितल्या.

वकिलाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिथल्या वकिलांनी नोटीस पाठवली आणि कंपनीने चर्चेला बोलावलं. दोन पगारांइतकी रक्कम मिळाली. नोकरी नाही मिळाली.

जाताना म्हणाल्या, "मॅडम, मला वाटत होतं मीच मूर्ख ठरले." मूर्ख नव्हेच. विश्वास ठेवला होता त्यांनी, आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारला.