मॅडम मिनिटभर गप्प का होत्या?

ताई,

मी २६ वर्षांची आहे आणि संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करते आहे. पदवीनंतर वर्षभर मी कॉलेजमधल्या मॅडमकडे प्रकल्प साहाय्यक होते. मग एका छोट्या कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून लागले आणि ९ महिन्यांत मला काढून टाकलं. माझ्या एका रिपोर्टमध्ये काही नोंदी दोनदा मोजल्या गेल्या आणि तो तसाच क्लायंटकडे गेला. साहेबांनी काम कधी नीट समजावलं नव्हतं, वर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. आताच्या कंपनीत मला २ वर्षं झाली, इथे सगळे खूश आहेत. फॉर्ममध्ये आजवरच्या सगळ्या पूर्णवेळ नोकऱ्या आणि त्या सोडल्याची कारणं विचारली आहेत. ती एक नोकरी गाळली तर चालेल का? गॅपचं टेन्शन नाही, कारण ते ९ महिनेही मी मॅडमकडेच होते असं त्या शिफारसपत्रात लिहिणार आहेत. विचारलं तेव्हा मिनिटभर गप्प होत्या, मग हो म्हणाल्या. मैत्रीण म्हणते गाळ, भाऊ म्हणतो लिही. अर्जाला १२ दिवस उरलेत.

– एक वाचक

अगं,

तुझ्या पत्रात साहेब आहेत, मैत्रीण आहे, भाऊ आहे, आणि जाता जाता मॅडम आहेत. ‘मिनिटभर गप्प होत्या, मग हो म्हणाल्या.’ मी तिथेच अडकले. फॉर्मचं उत्तर सोपं आहे, ते नंतर देते. आधी त्या मिनिटाबद्दल बोलू.

तू लिहितेस, गॅपचं टेन्शन नाही. नसणारच, ते तू मॅडमच्या गळ्यात टाकलंस. फॉर्मवर तुझी सही असेल, पण पत्रावर त्यांची. ते पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, कॉलेजच्या ईमेलवरून जाणार. तुझं नेमणूकपत्र, हजेरी, मानधन यांच्या नोंदी कॉलेजच्या ऑफिसात असतील आणि त्या वर्षभराच्याच असतील. उद्या कुणी ऑफिसला फोन केला, तर ऑफिस मॅडमना बोलावून विचारेल, तुला नाही. आणि त्याच सहीच्या पत्रांवर दर वर्षी इतर मुलंही अर्ज करतात. त्यांचा तू विचार केला होतास का?

मी शिकवत होते तेव्हा एक मुलगा असाच माझ्याकडे आला होता. इंटर्नशिपचा काळ पत्रात ४ महिने वाढवून हवा होता. हुशार, कष्टाळू, माझा लाडका. मीही गप्प बसले आणि मग हो म्हटलं. गप्प होते तेवढ्यात मनात काय चाललं होतं ते सांगते. हा माझ्याकडे हे मागतोय, म्हणजे मला काय समजतो, असं वाटत होतं. आणि नाही म्हटलं तर त्याचा चेहरा कसा पडेल, तेही दिसत होतं. चेहऱ्याने बाजी मारली. पत्र गेलं, त्याला प्रवेश मिळाला, कुणी काही विचारलं नाही. पण तो पुन्हा मला भेटायला आला नाही. मीही कधी बोलावलं नाही. त्याआधी दर आठवड्याला काहीतरी विचारायला यायचा. आजही त्याची आठवण आली की आधी ते पत्र आठवतं, मग तो.

चूक माझी होती. मी मोठी होते, नाही म्हणायला हवं होतं. तुझ्या मॅडमनीही म्हणायला हवं होतं. पण मला पत्र त्यांनी लिहिलेलं नाही, तू लिहिलं आहेस.

साहेब असतील वाईट. त्यावर मी एक ओळही खर्च करणार नाही, कारण तूही फॉर्ममध्ये करायची नाहीस.

आता फॉर्म. काही अर्ज फक्त ‘संबंधित अनुभव’ विचारतात. तिथे ९ महिन्यांची नोकरी लिहिली नाही तर ते खोटं ठरत नाही. तुझा अर्ज ‘सगळ्या’ म्हणतो आणि कारणही मागतो, म्हणजे निवडायला जागाच ठेवलेली नाही. सबमिट करण्याआधी एक घोषणा येते: दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, तसं न आढळल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. आपण ती न वाचता टिक करतो. तू वाच. बऱ्याच संस्था निवड झाल्यावर पडताळणी बाहेरच्या एजन्सीकडे देतात. पगाराच्या आणि कराच्या नोंदी असतात, जुन्या सहकाऱ्यांच्या लिंक्डइनवर तुझं नाव असतं. पदवी मिळाल्यानंतर ती काढून घेतल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेत वकिलीची सनद मागताना उमेदवाराने लॉ स्कूलच्या अर्जात काय लिहिलं होतं तेही ताडून पाहतात, आणि मूळ चुकीपेक्षा ती लपवणं तिथे जास्त महागात पडतं.

मेरिली जोन्स यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेत त्या १९७९ मध्ये लागल्या, पुढे तिथल्या प्रवेश विभागाच्या प्रमुख झाल्या. कामात नावाजलेल्या होत्या. नोकरीला लागताना नसलेल्या पदव्या लिहिल्याचं उघड झालं आणि २००७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. २८ वर्षं! तुझं गाळणं आणि त्यांचं घालणं सारखं नाही, हे मला कळतं. मला त्या २८ वर्षांचं वाईट वाटतं. इतकं चांगलं काम करताना मनाच्या कोपऱ्यात ते सतत असणार.

तुझी खरी भीती मला वाटतं वेगळीच आहे: कुणीतरी साहेबांना फोन करेल आणि ते पुन्हा तसंच बोलतील. याची शक्यता तुला वाटते त्याहून कमी आहे. पडताळणीचा फोन बहुतेक वेळा एचआरकडे जातो, आणि नंतर वाद नको म्हणून अनेक कंपन्या पद आणि तारखा याच्यापलीकडे काही सांगत नाहीत. म्हणजे कारण तुझ्याच शब्दांत पोचेल. ते असं लिही:

‘कामातल्या चुकीमुळे कंपनीने सेवा समाप्त केली. मी तयार केलेल्या एका अहवालात काही नोंदी दोनदा मोजल्या गेल्या होत्या. सध्याच्या नोकरीत कोणताही अहवाल पाठवण्याआधी मी दुहेरी नोंदी तपासते.’

तिसरं वाक्य खरं असेल तरच ठेव. नसेल तर आजपासून तपासायला लाग. ‘वैयक्तिक कारण’ लिहू नकोस, राजीनामा दिला असंही लिहू नकोस, कारण तू दिलेला नाहीस. ‘त्या अनुभवाने मला घडवलं’ वगैरे काही नको. अर्ज वाचणारे संख्याशास्त्राचे शिक्षक असतील तर दुहेरी नोंदींची चूक त्यांच्या चांगल्या ओळखीची असेल. ती केल्यावर २ वर्षं त्याच कामात टिकलेली मुलगी त्यांना दिसू दे.

पण हे सगळं नंतर. फॉर्म उघडूसुद्धा नकोस. आज मॅडमना फोन कर. मेसेज नको, फोनच. त्यांनी पत्र अजून पाठवलेलं नसेल अशी मला आशा आहे. पाठवलं असेल तर आजच त्या संस्थेला कळवून सुधारलेलं पत्र देऊ शकतील, पण ते त्यांनी ठरवायचं. तू एवढंच म्हण: ‘मॅडम, ते ९ महिने पत्रात नकोत. मला नोकरीवरून काढलं होतं, ते मी अर्जात लिहिते आहे. तुम्हाला असं लिहायला सांगायला नको होतं.’

त्यांना आधी कारणही माहीत नसेल कदाचित. विचारतील. साहेबांचा पाढा न वाचता सांग. आणि त्या पुन्हा मिनिटभर गप्प झाल्या, तर मधे बोलू नकोस.