रत्नागिरी हापूस सांगून कर्नाटकी आंबा गळ्यात मारला, जिल्हा ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली. आता थेट हायकोर्टात जाऊ का?

नको. हायकोर्ट आधी विचारेल, अपील का केलं नाहीत?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ४१ : आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. निम्मी रक्कम आधी भरायची अट ज्याला पैसे द्यायला सांगितलेत त्याला, तुम्हाला नाही. पेटीवरचं लेबल, बिल, विक्रेत्याचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं तिथे नव्याने तपासता येतं. हायकोर्ट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली (खालच्या न्यायालयांवर व आयोगांवर देखरेखीचा अधिकार) आंबा रत्नागिरीचा की धारवाडचा हे सहसा बघत नाही. आयोगाने अधिकार ओलांडला का, तुमची बाजू ऐकली का, एवढ्यापुरतंच बघतं. तशी वेळ आलीच तर रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. मुंबईचा हेलपाटा तरी वाचेल.