बायबलमध्ये रोजच्या कामातल्या काळजीबद्दल काही सांगितलंय का?

हो, आणि तेही अगदी हातातल्या अवजारापर्यंत. जुन्या करारातल्या 'उपदेशक' या पुस्तकाचा 10वा अध्याय काढा, वचनं 8 ते 10. आशय असा: खड्डा खणणारा त्यातच पडू शकतो, भिंत पाडणाऱ्याला साप चावू शकतो, दगड काढणाऱ्याला दगडच लागतो, लाकडं फोडणाऱ्यालाही धोका असतोच.

आम्हा गोंयकारांना, म्हणजे गोव्याच्या लोकांना, यातलं काहीच परकं नाही. जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपणाची भिंत, उपसताना चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) फटीत साप असतो, म्हणून जाणता माणूस आधी काठीने ठोकतो आणि मगच हात घालतो. काम सोडा असं हे पुस्तक सांगत नाही. धोका ओळखून काम करा, एवढंच.

10वं वचन मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: लोखंड बोथट झालं आणि धार लावली नाही, तर जास्त जोर लावावा लागतो. माडावर चढण्याआधी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, कोयत्याची धार बघतो, ते याचसाठी.

पण फक्त स्वतःला जपून भागत नाही. जुन्या करारातल्याच 'अनुवाद' या पुस्तकातलं 22:8 हे वचन म्हणतं, नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधा, कोणी पडायला नको. 'निर्गम' या पुस्तकातल्या 21:33-34 प्रमाणे खड्डा उघडा ठेवला आणि त्यात कोणाचं जनावर पडलं, तर भरपाई खड्डेवाल्याने द्यायची. आपल्याकडे तर बंद चिरेखाणी पावसात भरतात आणि त्यांत पोरं बुडतात. खाणीला कुंपण न घालता निघून जाणाऱ्या प्रत्येकाला हे वचन वाचून दाखवायला हवं.